रक्तात नसलेला तुकडा

१२ जानेवारी, रविवार

दादाकडे जेवायला गेले आणि भांडण पदरात घेऊन आले. विषय नेहमीचाच, माझी भाची टिटवी. आठ वर्षांची झाली, तरी जिना चढताना कठड्याला लोंबकळते, मध्येच थांबते, आणि वर पोचली की तोंड असं करते जणू गड जिंकला. दादा शाळेत खेळाचा मास्तर, एके काळचा धावपटू. त्याच्याच शाळेत, त्याच्याच मैदानावर त्याची लेक शर्यतीत शेवटून पहिली आली. सगळे शिक्षक बघत होते म्हणे. तेव्हापासून तो धुमसतोय. त्याचं म्हणणं, पोरगी आळशी आहे, आईने लाडावलीय. वहिनींचं म्हणणं, पोरगी आजारी आहे.

मी दादाच्या बाजूची. वहिनी विमा कंपनीत काम करतात, दिवसभर लोकांचे आजार वाचतात, म्हणून घरातही त्यांना आजारच दिसतात, असं माझं मत. आज टिटवी जमिनीवर बसून चित्र काढत होती. उठताना आधी ओणवी झाली, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत टेकवत स्वतःला वर ढकलत उभी राहिली. "बघ, म्हातारीचं सोंग आणते," दादा म्हणाला. मला हसू आलं. टिटवीही हसली. वहिनी उठून आत गेल्या आणि भांडी आदळायला लागल्या.

जेवणानंतर त्यांनी बालरोगतज्ज्ञांनी करून घेतलेल्या जनुक-तपासणीचा निकाल माझ्यापुढे ठेवला. स्नायूंच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. आईत नाही, बापात नाही, तिच्यातच नव्याने आलेलं. त्या बदलाने प्रथिनाची घडण काही बदलायला नको, म्हणून शेरा: अर्थ अनिश्चित.

"तू हेच काम करतेस ना?" वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, थांबा आणि बघा. मला थांबवत नाही. तू सांगशील ते मी ऐकेन."

दादाने लगेच संधी साधली. "काही नाही निघालं, तर दुसऱ्या दिवसापासून पोरगी माझ्याबरोबर मैदानावर. कुरकुर नाही. मंजूर?"

"मंजूर," वहिनी म्हणाल्या.

मला न्यायाधीश केलं म्हणून मी खूश झाले. खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं घरात मला कुणी काही विचारलं नव्हतं, लग्न कधी करणार एवढं सोडून.

१४ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी ऐन वेळी नव्या विद्यार्थ्यांचा तास माझ्या गळ्यात मारला. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पण हे काम मला मनापासून आवडतं. मुलांना म्हटलं, जनुक म्हणजे एकदाच केलेलं चित्रीकरण समजा. ते जसंच्या तसं कुणी दाखवत नाही. पेशी त्याची प्रत काढते, नको ते तुकडे कापते, हवे ते जोडते. याला म्हणायचं स्प्लायसिंग. गंमत अशी की यकृत त्यातून आपला सिनेमा काढतं, मेंदू आपला, स्नायू आपला. एखादा चिमुकला तुकडा ठेवला, तर प्रथिन आपल्या जोडीदाराचा हात घट्ट धरून बसतं. तोच तुकडा गाळला, तर ओळखही दाखवत नाही. आणि ज्याचा हात सुटला तो जोडीदार काही स्वस्थ बसत नाही. तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि भलतीच जनुकं चालू-बंद करत सुटतो.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मग कुठला सिनेमा लागलाय ते कळणार कसं?"

"त्या थिएटरात जाऊन बसायचं, बाळा! स्नायूचा सिनेमा बघायला यकृतात तिकीट काढून काय उपयोग?"

हशा, टाळ्या. शेजारी बाहेर आल्यावर म्हणाला, "पुढच्या वेळी खरंच तिकीट लावा." शेजारी म्हणजे माझ्या टेबलाला टेबल लावून काम करणारा संशोधक. जीभ तिखट, पण हात सोन्याचा. दिवसभर मी हवेत होते.

१६ जानेवारी, गुरुवार

वहिनी टिटवीला घेऊन संस्थेच्या दवाखान्यात आल्या. नर्सने रक्त काढलं. पोरगी रडली नाही, उलट सुईकडे टक लावून बघत होती.

"आत्या, रक्तात आळस दिसतो का गं?"

"दिसला तर पकडूच," मी म्हटलं.

"दिसू दे. म्हणजे बाबा खूश होतील."

स्नायूचा तुकडा मागवावा का, असं एकदा मनात येऊन गेलं. पण त्याला मांडीत जाडी सुई, भूल, शल्यविशारद, मॅडमची परवानगी, शंभर भानगडी. धडधाकट पोरीला कशाला उगाच भोसकायचं? रक्त पुरे. आणि हे सगळं मी मॅडमना न सांगता, आपलं घरगुती काम म्हणून उरकतेय, तेव्हा जितकं सुटसुटीत तितकं बरं. निरोगी माणसाचं रक्त तुलनेला हवं होतं, ते नर्सला माझंच काढायला लावलं.

२५ जानेवारी, शनिवार

निकाल स्वच्छ. तिच्या रक्तातून काढलेली त्या जनुकाची प्रत आणि माझ्या रक्तातली प्रत, दोघींच्या पट्ट्या एकाच उंचीवर, म्हणजे लांबी सारखीच. एका केसाचाही फरक नाही. कापाकापी ठीक, जोडाजोडी ठीक.

तशीच त्या पट्ट्यांचा फोटो घेऊन दादाकडे गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण मला समोर सांगायचं होतं. दादाने फोटो उलटा धरला आणि म्हणाला, "मला काय कळतंय! तू म्हणतेस ना ठीक, मग ठीक." वहिनींनी मात्र सरळ धरून बराच वेळ पाहिला.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, माझं हेच काम आहे."

"तसं नाही गं. ती मुद्दाम करत नाही, हे मला आतून वाटतं. पण तू म्हणतेस तर..." त्यांनी फोटो परत माझ्या हातात दिला.

टिटवी दारातून ऐकत होती. तिला जवळ घेतलं आणि गालगुच्चा घेऊन म्हटलं, "सापडलीस! आजारी-बिजारी काही नाहीस तू. आळशी आहेस आळशी!" दादा खो खो हसला. टिटवीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली, बाईंनी बेरीज चुकल्याचं दाखवल्यावर मुलं डोलावतात तशी. मग म्हणाली, "उद्यापासून पळते मी."

वहिनी शब्दाला जागल्या. रात्रीच त्यांनी तिचे बूट पुसून दाराशी ठेवले, असं दादाने आत्ता फोनवर सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर गेले होते बघायला. टिटवी पळते ती डुलत डुलत, बदकासारखी, चवड्यांवर. पडली की तसंच हात टेकवत स्वतःला उभं करते. दादा ओरडतो, "सोंग नको! ऊठ!" आणि ती उठते. कुरकुर एक नाही, हे मात्र मानलं पाहिजे.

"पोटऱ्या बघ कशा भरल्यात," दादा मला अभिमानाने म्हणाला. खरंच, इवल्याशा पोरीच्या पोटऱ्या पैलवानासारख्या टणक झाल्यात. मी म्हटलं, "बघ, व्यायामाने काय होतं ते!" वहिनी बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले, तर त्यांनी नुसती बाटली या हातातून त्या हातात घेतली. अबोलाच धरलाय माझ्याशी. हरलेल्या माणसाला थोडा वेळ द्यावा लागतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन. टिटवी संध्याकाळी जेवता जेवता झोपते. घास तोंडात तसाच. "दमते बिचारी, चांगलंच आहे," तो म्हणाला. मीही म्हटलं, चांगलंच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवण तसंच झाकून ठेवलंय, आधी हे लिहिते.

आज प्रयोगशाळेची साप्ताहिक बैठक. शेजाऱ्याने त्याच्या प्रथिनाची हकीकत मांडली. त्याचं प्रथिन कुणाला चिकटतं, ते तो शोधत होता. पडद्यावर त्याने त्या जोडीदाराच्या जनुकाचा तक्ता टाकला आणि नाव वाचून मी सरळ बसले. टिटवीचं जनुक. तो सांगत होता, "यात एक चिमुकला तुकडा आहे. तो फक्त स्नायूत ठेवला जातो. मेंदूत नाही, यकृतात नाही, रक्तात तर नाहीच नाही. आणि माझ्या साहेबांना, म्हणजे माझ्या प्रथिनाला, धरून ठेवायला नेमका तोच तुकडा लागतो." त्याने निरनिराळ्या अवयवांच्या पट्ट्या दाखवल्या. स्नायूची वर. बाकी सगळ्या खाली, ओळीने, सारख्या. रक्ताचीही.

टिटवीच्या जनुकातलं बदललेलं अक्षर त्या तुकड्याच्या पोटातच आहे.

म्हणजे मी रक्तात बघितलं काय? तो तुकडा माझ्याही रक्तात नव्हता. कुणाच्याच नसतो. मी दोन रिकामे डबे शेजारी ठेवले, दोन्ही सारखेच रिकामे आहेत असं पाहिलं आणि म्हटलं, सगळं जिथल्या तिथे आहे. स्नायूचा सिनेमा बघायला यकृतात तिकीट काढू नका, असं त्या पोरांना सांगून टाळ्या घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी मीच तिकीट काढलं. कोणी शिकाऊ पोराने ही चूक केली असती, तर मी त्याला प्रयोगशाळेतून बाहेर काढलं असतं. मला ठाऊक होतं! ठाऊक नसतं तर निदान तोंड लपवायला जागा होती.

मॅडमनी विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर विचार केला. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. बदल तुकड्यात आहे म्हणजे तुकडा गळतोच असं नाही. अर्धवट माहितीवर घर का हलवायचं? एकदा चुकीचं सांगून बसले, आता दुसऱ्यांदा चुकीचं सांगायचं का? पक्कं करते, मग सांगते. हे शास्त्राला धरूनच आहे.

पद्धत सोपी आहे. टिटवीच्या जनुकातला तेवढा भाग उतरवायचा, ताटलीत वाढवलेल्या उंदराच्या स्नायुपेशींत सोडायचा, आणि पेशी तो तुकडा ठेवतात की गाळतात ते बघायचं. या वेळी थिएटर बरोबर आहे. शेजाऱ्याला एवढंच सांगितलं की एका रुग्णाचा बदल तपासायचाय. तो हौसेने तयार झाला.

२ मार्च, रविवार

दादाने जेवायला बोलावलं होतं. ताप आल्याचं सांगून टाळलं. तर टिटवीच फोनवर आली. "आत्या, आज मी तीन फेऱ्या मारल्या! एकदाच पडले!" मी म्हटलं, "शाब्बास." आणखी काय म्हणणार होते? म्हणायला एक वाक्य होतं, पण ते म्हटलं की पुढची सगळी म्हणावी लागली असती.

पेशी वाढतायत. घाई करून चालत नाही.

७ मार्च, शुक्रवार

वहिनींचा निरोप आला: "तिच्या मांड्या फार दुखतात. हे चालेल ना?" वाचला. उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, "बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या." लगेच उलट आला: "त्यांना सांगितलं की आत्याने तपासलंय. ते म्हणाले मग व्यायामाने दुखत असेल."

माझं नाव घेतलं की डॉक्टरही गप्प बसतात. एके काळी हे ऐकून मी चार लोकांना सांगितलं असतं.

१३ मार्च, गुरुवार

निकाल आला. निरोगी जनुक सोडलेल्या पेशींनी तुकडा ठेवला. टिटवीचा बदल असलेल्या पेशींनी गाळला. जवळजवळ सगळ्यांनी. प्रथिनाचं एकही अक्षर न बदलणारा बदल, पण पेशीला 'हे ठेव' म्हणून सांगणारी खूण नेमकी त्याच जागी होती. ती पुसली गेली.

मग शेजाऱ्याने त्याची करामत दाखवली. प्रथिनाची दोन्ही रूपं, तुकडा असलेलं लांब आणि नसलेलं आखूड, गळाला लावून वर ओढली, बरोबर कोण येतं ते बघायला. लांब रूपाला जोडीदार चिकटून आला. आखूड रूपाबरोबर कुणी नाही. आणि सुटलेला जोडीदार त्या पेशींत कुठे आहे बघितलं, तर सगळा केंद्रकात गोळा झालेला. गर्भातल्या बाळाच्या स्नायूत चालू असणारी आणि जन्मानंतर बंद राहायला हवीत अशी जनुकं त्याने पुन्हा चालू करून ठेवलीयत. "याला घरात कुणी धरून ठेवलं नाही की हा दुसऱ्यांच्या घरचे दिवे लावत फिरतो," शेजारी म्हणाला.

इतकं चोख निघालं, इतकं सुरेख, की मी टाळी वाजवली. हो, वाजवली. मॅडम म्हणाल्या, "कमाल! याचा लेख होतोय. रुग्ण कोण आहे?" आणि मी हसतच होते. तेवढ्यात तो प्रश्न डोक्यात शिरला, आणि ताटल्या आवरायच्या निमित्ताने मी उठले. रुग्ण आत्ता या वेळी मैदानावर पळत असेल.

हे लिहायला लाज वाटते. पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू? टाळी वाजवली मी.

रविवारी जाते. समोरासमोरच सांगितलं पाहिजे.

१५ मार्च, शनिवार

आज दुपारी वहिनींचा फोन. एवढंच म्हणाल्या, "लघवी काळ्या चहासारखी झालीय. दवाखान्यात आहोत. ये."

काल शाळेच्या शर्यतीचा सराव होता. दादाने तिला जास्त पळवलं. आज सकाळी पोरीला पलंगावरून पाय खाली घेता येईनात. डॉक्टर सांगत होते, स्नायू तुटून त्यांचा कचरा रक्तातून मूत्रपिंडात अडकतोय. सलाईनच्या बाटल्या लावल्यात. दोन दिवस कठीण आहेत, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुणी स्नायूंच्या आजाराची शंका घेतली नव्हती का?" दादाने माझ्याकडे बघितलं. मदतीला बघितलं, दोष द्यायला नाही. तेच सहन होईना.

डॉक्टरांना आधी सांगितलं, ते कामाचं होतं म्हणून. मग बाहेर बाकावर त्या दोघांना. सगळं सांगितलं. रक्तात तो तुकडा नसतोच हे, आणि स्नायूचं रक्तात शोधायचं नसतं हे मला माहीत होतं, हेही.

दादाला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे तेव्हा ठीक होतं आणि आता बिघडलं?"

"तेव्हाही नव्हतं ठीक, दादा. मी भलतीकडे बघितलं."

"पण तू म्हणालीस..."

"म्हणाले."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी ओरडायचो रे देवा. ती पडली की मी ओरडायचो. काल चौथी फेरी मारायला लावली. ती म्हणत होती, बाबा, पाय येत नाहीत. पाय येत नाहीत म्हणे! आणि मी म्हटलं, आत्याला विचार, येतात की नाही."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "तुला कधी कळलं?"

"परवा पक्कं झालं."

"पक्कं नाही विचारलं. शंका कधी आली?"

"गेल्या महिन्यात. वीस तारखेला."

वहिनींनी बोटांवर दिवस मोजले. "तेव्हापासून ती रोज पळतेय."

"मला खात्री करायची होती, वहिनी. अर्धवट..."

"एक फोन करायचास. तिला पळवू नका, एवढंच. का ते मी विचारलंही नसतं. तू चुकलीस हे वर्षभराने सांगितलं असतंस तरी चाललं असतं मला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू खात्री करत नव्हतीस. तू तोंड लपवत होतीस."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते मला नेहमी नाटकी वाटायचं. आज त्या बाकाखालची फरशी बघत बसले होते.

१८ मार्च, मंगळवार

लघवीचा रंग निवळला. मूत्रपिंडं वाचली. काचेतून बघितलं, टिटवी उशीला टेकून नर्सला काहीतरी रंगवून सांगत होती. आत गेले नाही. वहिनी बाहेर आल्या, डबा घेऊन माझ्या शेजारून गेल्या.

मॅडमना सगळं सांगितलं. परवानगीशिवाय रक्त तपासलं तेही. त्या म्हणाल्या की चौकशी होईल, आणि तो लेख बाजूला ठेवा. शेजाऱ्याने ऐकलं. त्याने पहिल्यांदाच माझ्यावर विनोद केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

२७ मार्च, गुरुवार

मांडीतल्या स्नायूचा नमुना या वेळी रीतसर घेतला. दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासला, मी हात लावला नाही. जनुकाचा तो तुकडा गळलेलाच. आजाराला नाव मिळालं. हात टेकवत उठणं, भरलेल्या पोटऱ्या, सगळी त्याचीच लक्षणं. पुरतं बरं करणारं औषध नाही. जपायचं, धावपळ नाही, जड उचलणं नाही, पाण्यात हलके हातपाय हलवायचे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जपलं तर चालणं पुष्कळ वर्षं टिकेल.

दादाने विचारलं, "या पळण्याने किती गेलं?"

डॉक्टर म्हणाले, "काही गेलंय. ते या दिवसांत गेलं की नाहीतरी गेलं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही."

म्हणजे हा हिशोब कधीच मिटायचा नाही. दादा गाडीपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. म्हणाला, "ठमे, तुझ्यावर मला रागावता येत नाही, कारण मग मला माझ्यावर आधी रागवावं लागेल." लहानपणापासून तो मला ठमी म्हणतो. आज त्या हाकेने मला रडू फुटलं आणि त्यालाच मला थोपटावं लागलं. तेही उलटंच झालं.

५ एप्रिल, शनिवार

टिटवी घरी आलीय. तिला अजून कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. दवाखान्यात विचारलं की सगळे विषय बदलायचे. कुणी सांगायचं यावर दादा आणि डॉक्टरांचं बोलणं चाललं होतं, म्हणे. शेवटी वहिनींनीच मला फोन केला. बोलावणं नव्हतं, हुकूमच होता. "तू येऊन सांग. तूच सांगायला हवंस."

गेले. टिटवी पलंगावर पाय पसरून बसली होती, मांडीवर चित्रकलेची वही. दादा खुर्चीत, वहिनी पायथ्याशी. मी वाटेत चार वेळा वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. सरळ म्हटलं, "टिटवे, तुझ्या पायांत एक आजार आहे. जन्मापासूनचा. पायाच्या आतली काही माणसं एकमेकांचे हात धरून असावी लागतात, तुझ्यात त्यांचे हात सुटतात. म्हणून जिना चढवत नाही, म्हणून पळता येत नाही. मी तपासलं तेव्हा मला तो सापडला नाही, कारण मी चुकीच्या जागी शोधला. तू आळशी आहेस असं मी म्हटलं, ते खोटं होतं. चूक माझी होती."

मला वाटलं, आता रडेल. वहिनींनी तिचा पाय घट्ट धरला.

"खरा आजार?" तिने विचारलं. "नाव असलेला?"

"नाव असलेला."

"आणि मी पडायचे ते त्याच्यामुळे?"

"त्याच्यामुळेच."

"म्हणजे मी मुद्दाम नव्हते करत?"

"नाही गं राणी. कधीच नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "आई! ऐकलंस? मला खरा आजार आहे!" ती ओरडली. मग दादाकडे वळली, "बाबा, मला आजार आहे! मी आळशी नव्हतेच! मला वाटायचं, मी मनापासून करत नाही म्हणून होत नाही. रोज ठरवायचे, आज मनापासून करायचं. मग तरी पडायचेच. मला वाटायचं माझं मनच वाईट आहे." आणि टाळ्या वाजवल्या तिने, दोन्ही हात वर करून.

दादा उठून स्वयंपाकघरात गेला. नळ चालू केल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. वहिनींनी मान खाली घातली होती, त्यांचे खांदे हलत होते. मी हात पुढे केला, आणि मागे घेतला. तो हक्क आता माझा नाही.

टिटवीला यातलं काही दिसत नव्हतं. तिने मला खांद्याला धरून जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "आत्या, सोमवारी माझ्या वर्गात येऊन हे सांगशील का? मी सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल. तू सांगितलंस की सगळे खरं मानतात."

मी हो म्हटलं.